एक्स रामदासचा, वाय वासुदेवचा

माझ्या नोकरीत मी जितकी नाणी मोजली, तितकी एखाद्या बँकेतल्या कॅशियरनंही मोजली नसतील. फरक इतकाच की माझ्या नाण्यांतलं एकही खरं नव्हतं. ‘एका पेटीत दोन रुपयांची आणि पाच रुपयांची मिळून पन्नास नाणी आहेत. त्यांची एकूण किंमत एकशे साठ रुपये आहे. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?’ हिंगणघाटच्या एका शाळेत मी हयातभर गणित शिकवलं आणि पेटी, पर्स, गल्ला, डबा अशा नाना भांड्यांतून ही नाणी काढली. पेटी कुणाची, तिच्यात एकही नोट का नाही, ज्यानं बसून एकूण नाणी मोजली त्यानं लगे हात प्रकार का नाही मोजले, असे प्रश्न पोरांना पडायचे. पण ते मनात ठेवायची पद्धत होती. मार्क पेटीतल्या नाण्यांना असतात, पेटीच्या मालकाला नाही.

ज्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन रुपयांची नाणी किती ते माहीत नाही, म्हणून त्या संख्येला एक्स म्हणायचं. पाचची किती ते माहीत नाही, तिला वाय म्हणायचं. मिळून पन्नास, म्हणजे एक्स अधिक वाय बरोबर पन्नास. हे झालं नाण्यांचं समीकरण. आता पैशांचं. दोनचं प्रत्येक नाणं दोन रुपये देतं, पाचचं पाच. म्हणजे दोन एक्स अधिक पाच वाय बरोबर एकशे साठ. पहिल्या समीकरणाला दोनानं गुणून ते दुसऱ्यातून वजा केलं की तीन वाय बरोबर साठ उरतात. वाय वीस, एक्स तीस. पेटी बंद करायची आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं.

एवढंच आहे. आणि एवढ्यातच माणसं अडकतात. समीकरण सोडवणं सोपं असतं, मांडणं अवघड. शाब्दिक उदाहरण म्हटलं की हुशार पोरगाही पाणी प्यायला जाऊ का विचारतो. अलीकडे तर नवीनच पंचाईत झाली आहे. निवृत्तीच्या आधीच्या दिवसांत एका मुलीनं मला विचारलं, “मॅडम, त्या पेटीवर क्यूआर कोड नाई काय?” ती खोडी काढत नव्हती. तिच्या घरी चहापत्तीपासून सगळं फोनवरून येत होतं. पाच रुपयाचं नाणं तिनं शेवटचं कधी हातात धरलं, ते तिलाही आठवेना.

निवृत्त झाल्यावर मी घरीच दहावीच्या शिकवण्या घेऊ लागले. नियमित मुलं थोडी. जास्त करून सतरा नंबरचा फॉर्म भरणारी, म्हणजे शाळा सुटलेली आणि बाहेरून परीक्षेला बसणारी माणसं. त्यांच्यातल्या दोघांविषयी लिहायचं आहे.

एका दुपारी एक गृहस्थ आले आणि आल्या आल्या त्यांनी चपला उचलून घरात आणल्या.

“राहू द्या बाहेरच,” मी म्हटलं.

“नाई जी. कोणी पाह्यलं तर चपलेवरून ओळखन.”

हे रामदासभाऊ. जामच्या चौफुलीवर, नागपूर-हैदराबाद रस्त्याला त्यांचा धाबा. वय पंचेचाळिशीच्या आसपास, आवाज असा की रस्त्यापलीकडचा ट्रकवाला जेवायला थांबेल. पण माझ्यासमोर ते कुजबुजत होते.

“मॅडम, मले दहावी करायची हाय.”

“मुलाची का? त्याला घेऊन या.”

“पोराची झाली. माही राह्यली.”

भानगड अशी होती. एका तेल कंपनीनं त्या पट्ट्यात पेट्रोल पंप देण्यासाठी जाहिरात काढली होती. अर्जदार दहावी पास हवा. रामदासभाऊ नववीतच शाळा सोडून धाब्याच्या भट्टीपाशी उभे राहिले होते. अर्जाला पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत मुदत होती आणि परीक्षा मार्चमध्ये. बाकीचे विषय पाठ करून काढू म्हणाले. गणिताची भीती होती.

मी होकार दिला. आठवडा गेला असेल नसेल, आणखी एक गृहस्थ दारात उभे. हे अनवाणी. चपला हातातल्या पिशवीत होत्या.

“मी वासुदेव. जामले माहं टायरचं दुकान हाय. दहावीले बसतो म्हणतो. पण मॅडम, आमच्या गावात कोणाले सांगजा नका.”

मी विचारलं, “रामदासभाऊंना ओळखता?”

त्यांचा चेहरा कडू कारलं चावल्यासारखा झाला. “चुलतभाऊ हाय. बोलत नाई आम्ही.”

न बोलण्याचं कारण मला दोघांकडून दोन तऱ्हेनं कळलं, पण मूळ एकच होतं. घरातल्या एका लग्नात जेवणाचं काम रामदासभाऊंकडे होतं आणि वासुदेवभाऊ वरपक्षाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, “वरण थोडं पातळ झालं.” तेव्हापासून दोघांची दुकानं शेजारी, पण बोलणं बंद. वासुदेवभाऊंना अजून वाटत होतं की वरण पातळच होतं.

पंपाचंही तसंच. आजोबांच्या वावराची वाटणी झाली तेव्हा रस्त्याला लागून दोघांना एकेक पट्टी आली. पंपाला जितकी रुंद जागा लागते तितकी एकट्या कुणाचीच नव्हती. दोघांचा हिशोब एकसारखा होता. मी दहावी झालो, तो नाही झाला, की त्याला त्याची पट्टी मला भाड्यानं द्यावीच लागेल. म्हणजे दोघं पंपासाठी शिकत होते असं म्हणायचं, पण खरं तर दुसऱ्याच्या आधी शिकायला निघाले होते.

दोघांना वेगळ्या वेळा द्यायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी दोघांनाही तीनची वेळ दिली आणि एकमेकांविषयी काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी समोरासमोर आले तेव्हा दोघांच्याही हातात चपला होत्या. कुणी परत गेलं नाही. जो जाईल तो हरला असता.

माझ्या बैठकीत एक लांब बाक आहे. त्याच्या एका टोकाला रामदासभाऊ, दुसऱ्या टोकाला वासुदेवभाऊ. पुस्तक मी मुद्दाम एकच दिलं. सगळं बोलणं माझ्यामार्फत चालायचं.

“मॅडम, त्यायले सांगा पान पलटवा.”

“मॅडम, त्यायले सांगा माहं वाचून नाई झालं.”

पोस्ट खात्यात लागले असते तर मला पगार तरी जास्त मिळाला असता.

नाण्यांच्या उदाहरणापाशी आलो आणि गाडी रुतली. रामदासभाऊंना उदाहरणच पटेना.

“पेटी कोणापाशी हाय?”

“कुणापाशी तरी आहे.”

“मंग त्याले म्हणा, उघड आणि मोज. आपण काऊन डोकं खाजवून राह्यलो?”

“पेटीला कुलूप आहे.”

“कुलूप हाय तर मंग पन्नास नाणी हायत हे कोणी मोजलं?”

मनात ठेवायचे ते सगळे प्रश्न हा माणूस मोठ्यानं विचारत होता. वासुदेवभाऊंची अडचण निराळी होती. ते निमूट बसत, मांडणी उतरवून घेत आणि आतल्या आत खंत करत. एकदा न राहवून म्हणाले, “मॅडम, एक विचारू? परवा तुम्ही म्हणे एक्स म्हणजे बारा. काल म्हणे तीस. आज म्हणता अजून माहीत नाई. माणसानं एका जबानीवर राहावं ना.”

हसू नका. हे अनेकांना वाटतं, फक्त ते विचारत नाहीत. मी त्यांना सांगितलं, एक्स म्हणजे तुमच्या दुकानातली खुर्ची आहे. आज तिच्यावर एक गिऱ्हाईक, उद्या दुसरं. खुर्ची तीच.

“आणि गिऱ्हाईक यायच्या आधी?”

“आधी खुर्ची मांडायची. गणितात तीच मेहनत आहे.”

खुर्ची त्यांना पटली. पण दोघांचीही एक चूक काही केल्या जाईना. एक्स अधिक वाय बरोबर एकशे साठ, असं ते बेधडक लिहीत. नाण्यांची संख्या आणि नाण्यांचे पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात शिरेना. माझे सगळे जुने उपाय करून झाले. शेवटी एका दिवशी कंटाळून मी म्हटलं, “ठीक आहे. दोनची सगळी नाणी रामदासभाऊंची. एक्स रामदासभाऊंचा. पाचची सगळी वासुदेवभाऊंची. वाय त्यांचा.”

रामदासभाऊ ताठ झाले. “मले काऊन दोनची?”

“उदाहरणापुरती.”

“उदाहरणापुरती त्यायले द्या ना दोनची.”

“आधी उत्तर तर काढा,” मी म्हटलं आणि मीच फळ्यावर सोडवून दाखवलं. एक्स तीस, वाय वीस. रामदासभाऊंचा चेहरा खुलला. तीस त्यांची, वीस भावाची. मग मी त्यापुढे पैसे लिहिले. तीस नाण्यांचे साठ रुपये, वीस नाण्यांचे शंभर.

रामदासभाऊ उठून फळ्यापाशी आले. “थांबा. नाणी माही जास्त आणि पैसे त्यायचे जास्त? हे कोणतं गणित?”

“हेच गणित,” मी म्हटलं. “हेच तर तुम्हाला इतके दिवस सांगते आहे.”

अन्याय झाल्याशिवाय काही गोष्टी माणसाला समजत नाहीत. त्या दिवसापासून रामदासभाऊंनी संख्या आणि किंमत यांची कधीच गल्लत केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचची नाणी मागून घेतली. मी दिली. उगाच वाद कशाला.

पुढे मी कामाची वाटणी केली. नाण्यांचं समीकरण वासुदेवभाऊंनी लिहायचं, पैशांचं रामदासभाऊंनी, आणि सोडवायचं दोघांनी मिळून. दोघंही आपापलं चोख लिहू लागले. एके दिवशी रामदासभाऊंना यायला उशीर झाला, तेव्हा वासुदेवभाऊंनी पैशांचं समीकरणही लिहायला घेतलं. रामदासभाऊ आत आले, चपला ठेवल्या, बाकावर बसता बसता त्यांची नजर त्या वहीवर गेली.

“अबे, दोनाची नाणी एक्स हाय ना? त्याले पाच काऊन लावून राह्यला?”

वरण पातळ झाल्यापासूनचं हे पहिलं थेट वाक्य होतं. रामदासभाऊंच्याही ते बोलून झाल्यावर लक्षात आलं. वासुदेवभाऊंनी हळूच पाच खोडून दोन केले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, त्यायले सांगा, बरोबर हाय त्यायचं. पण मले अबे म्हणू नका म्हणा.”

त्यानंतर माझं पोस्ट ऑफिस हळूहळू बंद पडत गेलं. फक्त गणितापुरतं हं. घरी जाताना एक पुढच्या बसनं, दुसरा मागच्या.

मार्चमध्ये परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी रामदासभाऊ पेढे घेऊन आले आणि पहिल्यांदाच चपला बाहेर काढून आले. सगळ्या विषयांत काठावर का होईना, पास. वासुदेवभाऊ बाकीच्या विषयांत निघाले, गणितात गेले.

चार दिवसांनी ते आले. बाकावर आपल्या नेहमीच्या टोकाला बसले. मी चहा दिला.

“नाण्याचंच आलं होतं, मॅडम,” ते म्हणाले. “पहिलं समीकरण बरोबर लिहिलं. मंग सवयीनं बाजूले पाह्यलं. बाजूले आर्वीची एक पोरगी बसली होती. ते माह्याकडं अशी पाहे जसा मी चोर हाय.”

“आणि दुसरं समीकरण?”

“ते रामदासच्या वाटणीचं होतं ना जी.”

त्यांना हसू आलं आणि मग चहाचा कप खाली ठेवून ते खिडकीबाहेर पाहू लागले. घरी त्यांचं कुणाशी धड बोलणं नव्हतं. बायकोनं सांगितलं होतं, आता पट्टी भाड्यानं देऊन मोकळे व्हा, दुकानात लक्ष घाला. जुलैच्या फेरपरीक्षेला बसा, असं मी परोपरीनं सांगितलं. “आता कायले,” म्हणाले आणि उठले. माझ्या हातून नापास झालेली मुलं पुष्कळ आहेत, पण इतकं समजून नापास झालेला माणूस मी आधी पाहिला नव्हता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढचं मला नंतर कळलं. माझ्याकडून निघाले ते वासुदेवभाऊ थेट रामदासभाऊंच्या धाब्यावर गेले होते. त्या उंबऱ्याला कित्येक वर्षांत त्यांचा पाय लागला नव्हता. म्हणाले, “पट्टी भाड्यानं लिहून देतो. काय द्याचं ते तू ठरव.”

रामदासभाऊंना जे हवं होतं ते सगळं समोर येऊन उभं होतं. त्यांनी नोकराला थाळी लावायला सांगितली. भावाला पोटभर जेवू घातलं. मग म्हणाले, “भाड्यानं नाई पाह्यजे. भागीदारीत अर्ज करू. पण मंग तुलेही पास व्हा लागते. दोघंही दहावी पाह्यजे म्हणते कंपनी.”

वासुदेवभाऊ म्हणाले, “मले नाई जमत.”

“पहिलं समीकरण तूच लिहायचा ना? मले पेपरात तेच आठवलं. तुह्याच आवाजात.”

हे मला वासुदेवभाऊंनी सांगितलं. रामदासभाऊंना मी विचारलं तेव्हा त्यांनी हात झटकला. जरा वेळानं म्हणाले, “पेपरात उदाहरण सुटलं ना मॅडम, तर वाटलं बाजूच्याले सांगाव. बाजूले तो नव्हता.”

जूनच्या अखेरीस मी बहिणीबरोबर गिरडच्या दर्ग्याला निघाले होते. जामला चहासाठी थांबलो. धाब्याच्या मागच्या बाजूला, भर दुपारी, एका टेबलावर दोघं बसले होते. मध्ये स्टीलची परात आणि तिच्यात खरीखुरी नाणी. फोनवर पैसे घेणाऱ्या धाब्यावर इतकी नाणी कुठून आली ते मी नंतर विचारलं, तर रामदासभाऊंनी ती गिरडच्या टेकडीवरच्या फूलवाल्यांकडून नोटा देऊन आणली होती. मी खांबाआड थांबले. माझा एक विद्यार्थी माझाच दुसरा विद्यार्थी पळवून शिकवत होता, आणि मला ऐकायचं होतं तो काय शिकवतो.

वासुदेवभाऊ परातीतली नाणी बोटानं वेगळी करत होते.

“मोजू नको,” रामदासभाऊ म्हणाले. “मांड.”

“समोर तर हायत.”

“परीक्षेत समोर राहणार हायत काय? एक्स म्हणजे काय?”

“दोनच्या नाण्यायची संख्या.”

“संख्या ना? पैसे नाई ना?”

“नाई.”

“पैसे काढाले काय कराव लागन?”

वासुदेवभाऊंनी पेन उचललं. दोन एक्स लिहिलं. थांबले. त्यांनी बाजूला पाहिलं. रामदासभाऊंनी मुद्दाम तोंड फिरवून रस्त्याकडे केलं. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग वासुदेवभाऊंनी अधिक पाच वाय लिहिलं, एकशे साठ लिहिले आणि खाली रेघ मारली. ती रेघ पाहून मला जे बरं वाटलं ते गिरडला जाऊन येईपर्यंत पुरलं. रामदासभाऊंची पद्धत माझ्या पद्धतीहून ओबडधोबड होती, पण मी कधी तोंड फिरवलं नव्हतं. मला वाटतं, शिकवण्यातला तेवढा भाग मला उशिरा कळला.

जुलैच्या परीक्षेत वासुदेवभाऊ पास झाले. दोघांचा मिळून अर्ज गेला. सोडत निघाली आणि पंप तिसऱ्याच कुणाला मिळाला. मी सांत्वनाला गेले तर दोघं मोजणीची दोरी धरून वावरात उभे. दोन पट्ट्या एक केल्या तर ट्रक लावायला जागा होते आणि त्यामागे मोठं हॉटेल उभं राहतं, असा नवा बेत होता. गेल्या दसऱ्याला ते हॉटेल सुरू झालं. एका बाजूला जेवण, एका बाजूला टायर.

उद्घाटनाच्या आधी दोघं माझ्याकडे आले होते. नाव ठरत नव्हतं. रामदास-वासुदेव की वासुदेव-रामदास.

मी म्हटलं, “इतकं शिकवलं तुम्हाला. एक्स अधिक वाय काय आणि वाय अधिक एक्स काय, उत्तर एकच.”

रामदासभाऊ म्हणाले, “ते तुम्ही म्हणता मॅडम. एक्सले विचारा, त्याले चालते काय.”

शेवटी त्यांचं त्यांनीच सोडवलं. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी उंच पाटी लावली. नागपूरकडून येणाऱ्याला रामदास आधी दिसतो, हैदराबादकडून येणाऱ्याला वासुदेव. उद्घाटनाच्या दिवशी ते दाखवायला दोघं मला रस्त्याच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत घेऊन गेले. मी म्हटलं, छान आहे. खरंच छान होतं.

मग आम्ही जेवलो. वरण घट्ट होतं आणि त्याविषयी कुणी काही बोललं नाही. बसची वेळ झाली तशी मी उठले आणि उठता उठता, सवयच ती, विचारलं, “पाटीला दोन बाजू आहेत, ते ठीक. पण गिऱ्हाइकाला बिल द्याल ते एकाच बाजूला छापणार ना? त्यावर आधी कुणाचं नाव?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना अजून पडला नव्हता. त्यांचं तोंड उघडायच्या आत मी पिशवी उचलली आणि हिंगणघाटची बस पकडली.